३३ दिवसांचा सहवास आणि मुंबईतली खिडकी

प्रश्न : माझं माहेर खानापूर तालुक्यात, सासर बेळगावात. लग्नाला एकवीस महिने झाले. नवरा माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. तो अमेरिकेचा नागरिक आहे, न्यू जर्सीत नोकरी करतो. लग्नानंतर तो तीन आठवडे राहिला, मग गेल्या गणपतीत बारा दिवस आला. म्हणजे आमचा सहवास सगळा मिळून ३३ दिवसांचा. मी सासरीच राहते. दोघांच्या नावाचं बँक खातं नाही, घर नाही, मूल नाही. लग्नात सासरी माझं पहिलं नावही बदललं, पण पासपोर्ट माहेरच्याच नावाचा आहे. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली मुलाखत दीड महिन्यावर आली आहे. एक पाहुणे म्हणतात, आत्याचा मुलगा आहे हे सांगूच नकोस. एक एजंट म्हणतो, भाड्याच्या घराचा करार आणि फोटोंची फाइल मी तयार करून देतो. आमचं लग्न खरं आहे. ते खरं आहे हे दाखवायचं कसं?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर :

ताई,

आधी त्या दोन सल्ल्यांबद्दल बोलू, कारण तुमचं खरं नुकसान होऊ शकतं ते तिथेच. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटा कागद देऊन व्हिसा मागितला, तर अमेरिकेचा कायदा त्या माणसाला कायमचा प्रवेश नाकारू शकतो. माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नसतं. लग्नच बनावट ठरलं तर त्याहून वाईट. मग पुढे कुणीही, कोणत्याही नात्याने तुमच्यासाठी केलेला अर्ज मंजूर होत नाही. शिवाय तो तिथे फौजदारी गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड. तुमचं लग्न खरं असलं, तरी भाड्याचा एक खोटा करार फाइलमध्ये शिरला की बाकीचे खरे कागदही अधिकारी संशयाने वाचणार. तुम्ही दोघं ते ३३ दिवस आत्याच्या, म्हणजे सासूबाईंच्या घरी राहिलात. वेगळं घर भाड्याने घेण्याचं कारणच नव्हतं. विचारलं तर हेच सांगायचं.

आता अधिकारी नेमकं काय तपासतो ते पाहा. १९७५ साली ‘बार्क’ नावाच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने एक कसोटी सांगितली, ती आजही लागू आहे : लग्न करताना दोघांचा एकत्र संसार थाटण्याचा इरादा होता का? किती दिवस एका छताखाली राहिलात, हा त्या इराद्याचा एक पुरावा आहे, एकमेव नाही. तुमच्या नवऱ्याने भरलेला आय-१३० अर्ज (बायकोला नेण्यासाठीचा नात्याचा अर्ज) यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने आधीच मंजूर केला आहे, त्याशिवाय मुलाखतीची तारीख आलीच नसती. मुंबईतला अधिकारी तो अर्ज, तुमचा डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज आणि तुम्ही ऑनलाइन चढवलेले कागद समोर ठेवून खिडकीतून तुमच्याशी बोलतो, बहुतेक वेळा काही मिनिटंच. तेवढ्या वेळात त्याला एकच गोष्ट नीट पाहता येते. अर्जात लिहिलेलं, कागदावर छापलेलं आणि तुमच्या तोंडून निघालेलं, हे तिन्ही जुळतं का? खरी लग्नं अडकतात ती बहुतेक इथेच. पुरावा कमी पडण्यापेक्षा पुराव्यात विसंगती निघण्यानेच जास्त घोळ होतो.

म्हणून पहिलं काम आजच करा. नवऱ्याकडून त्याने भरलेल्या आय-१३० ची पूर्ण प्रत मागवा आणि आपल्या डीएस-२६० शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. चार ठिकाणी जास्त लक्ष द्या. लग्नाची तारीख, दोघांची आधीची लग्नं असतील तर ती, वापरलेली सर्व नावं, आणि चौथी जागा म्हणजे ‘दोघं शेवटचे एकत्र कोणत्या पत्त्यावर राहिलात’ हा प्रश्न. तिथे बेळगावच्या सासरच्या घराचा पत्ता आणि त्या दिवसांच्या तारखा असायला हव्यात. पुष्कळ नवरे घाईत तिथे काहीतरीच भरतात किंवा बायकोच्या माहेरचा पत्ता टाकतात, आणि खिडकीवर बायको दुसरंच सांगते. लग्नाच्या तारखेचा गोंधळ तर नेहमीचा. अक्षता पडल्या तो दिवस एक आणि सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंद झाली तो दिवस दुसरा. लग्नाची तारीख म्हणजे अक्षतांचा दिवस. नोंदणीची तारीख विचारली तरच ती सांगायची. अर्जात चूक सापडली तर झाकू नका. मुलाखत सुरू होताच, शपथ घेण्याआधी किंवा घेतल्याबरोबर, ‘अमुक ठिकाणी चुकीचं लिहिलं गेलं, बरोबर हे आहे’ असं स्वतःहून सांगा आणि कागद पुढे करा. आपण आधी सांगितलेली चूक ही चूकच राहते. अधिकाऱ्याने पकडली की तिचं नाव बदलतं.

आता नात्याचा प्रश्न. आपल्या भागात मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्कच मानतात, मराठी घरांत तसा आणि कन्नड घरांतही. पण कायद्याचं बारीक अक्षर वाचायला हवं. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार भाऊ आणि बहीण यांची मुलं एकमेकांच्या निषिद्ध नात्यात येतात. त्याच कायद्यात पुढे सूट आहे : दोघांनाही लागू असलेली रूढी अशा लग्नाला परवानगी देत असेल तर लग्न वैध. म्हणजे तुमचं लग्न उभं आहे ते रूढीच्या आधारावर, आणि नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने रूढी सिद्ध होत नाही. तेव्हा घराण्यातल्या दोन वयस्क माणसांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा. त्यांत ‘आमच्यात अशी लग्नं होतात’ एवढंच मोघम लिहू नका. तुमच्या भावकीत आणि सोयऱ्यांत मागच्या दोन-तीन पिढ्यांत मामाच्या मुलीशी झालेल्या किमान तीन लग्नांतल्या जोडप्यांची नावं, गावं आणि साधारण साल लिहा. हे कागद कदाचित कुणी मागणार नाही. मागितले तर मात्र त्याच दिवशी हाताशी हवेत.

अमेरिकेच्या बाजूने नियम असा की जिथे लग्न झालं तिथे ते वैध असावं आणि जिथे जोडपं राहणार त्या राज्याच्या ठाम धोरणाविरुद्ध नसावं. न्यू जर्सीत आते-मामे भावंडांच्या लग्नाला बंदी नाही. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही नाही. टेक्सास आणि पेनसिल्वेनियात मात्र अशा जोडप्याला लग्नाचा परवानाच मिळत नाही. पेनसिल्वेनिया तर न्यू जर्सीला लागूनच आहे. नवरा नोकरी बदलून राज्य बदलण्याच्या विचारात असेल तर मुलाखतीआधी एकदा तिथल्या वकिलाला विचारून घ्या. (सख्ख्या मामा-भाचीचं लग्न आपल्याकडच्या काही कन्नड घरांत होतं, त्याचं प्रकरण वेगळं. तिथल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत ते निषिद्ध आहे आणि वकिलाशिवाय पुढे जाऊ नये.)

नातं सांगायचं, आणि नीट शब्दांत सांगायचं. इंग्रजीत बोलायचं ठरवलंत तर आपण सवयीने म्हणतो तो ‘कझिन ब्रदर’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. ऐकणाऱ्याला त्यातला ‘ब्रदर’ आधी ऐकू येतो. मराठीत बोललात तरी ‘आतेभाऊ’ म्हणू नका, दुभाषी त्याचंही भाषांतर भाऊ असंच करू शकतो. ‘माझ्या वडिलांच्या बहिणीचा मुलगा’ असं सरळ सांगा, आणि लगेच पुढचं वाक्य जोडा : ‘आमच्या समाजात असं लग्न करण्याची रीत आहे.’ असंच जुन्या मेसेजचं. लग्न ठरण्याआधी तुम्ही त्याला ‘दादा’ म्हणत असाल, तर त्या मेसेजच्या इंग्रजी भाषांतरात तळटीप द्या की वयाने मोठ्या पुरुषाला आदराने असं म्हणतात. मेसेज गाळू नका, खोडू नका.

‘तुम्ही पहिल्यांदा कधी भेटलात?’ हा प्रश्न नात्यातल्या लग्नात फार फसवा. तुम्ही म्हणाल, जन्मापासून ओळखते. नवऱ्याने कुठे लिहिलं असेल, अमुक साली. दोन्ही खरं. म्हणून दोन तारखा वेगळ्या सांगायची सवय करा : ओळख लहानपणापासूनची, लग्नाचं बोलणं सुरू झालं ते अमुक महिन्यात. बोलणं आधी कुणी काढलं, आत्याने की तुमच्या वडिलांनी, तुम्हा दोघांना स्वतंत्रपणे कुणी आणि कधी विचारलं, सुपारी केव्हा फुटली, साखरपुडा केव्हा झाला, हा क्रम तुम्हाला स्वच्छ आठवायला हवा. नात्यातल्या लग्नात अधिकाऱ्याच्या मनातली शंका एकच असते : भाचीला अमेरिकेत नेण्यासाठी घरच्यांनी जमवलेलं हे काम तर नाही? त्या शंकेचं उत्तर तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोललात यातून मिळतं. लग्न ठरण्याच्या सुमाराचे तुमचे आपसांतले मेसेज असतील तर ते फाइलमध्ये सगळ्यात पुढे हवेत. लग्नाच्या फोटोंहूनही त्यांचं वजन जास्त, असं आमचं ठाम मत आहे.

नावाचं. ताटातल्या तांदळांवर लिहिलेलं नाव कायद्याने आपोआप तुमचं होत नाही. व्हिसा पासपोर्टवरच्या नावानेच छापला जातो, तेव्हा मुलाखतीच्या तोंडावर पासपोर्ट बदलायला जाऊ नका. पण सासरचं पहिलं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून होणारं पूर्ण नाव डीएस-२६० मधल्या ‘इतर नावं’ या रकान्यात असलंच पाहिजे. तसंच माहेरचं नाव वडिलांच्या नावासह. हा रकाना रिकामा राहिला आणि मेसेजमध्ये, आहेराच्या वहीत, बँकेच्या पावतीवर नवरा तुम्हाला दुसऱ्याच नावाने हाक मारताना दिसला, तर परक्या अधिकाऱ्याला ती दुसरी बाई वाटते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं एक प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्या आणि त्याला नामकरणाच्या विधीचा फोटो जोडा. स्पेलिंगचंही बघा. आपल्याकडे जन्मदाखला कन्नडमधून, शाळेचा दाखला मराठीतून आणि आधार इंग्रजीतून आलेला असतो. त्यामुळे एकाच आडनावाची तीन रूपं होतात. ती तिन्ही त्याच प्रतिज्ञापत्रात लिहून टाका. गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी कागदांवर ‘बेळगाव’च्या जागी ‘बेळगावी’ आलं. जुना जन्मदाखला एक म्हणतो आणि नवा पासपोर्ट दुसरं. हे दोन वेगळे जिल्हे नाहीत, एवढी एक ओळ भाषांतरकाराकडून टीप म्हणून टाकून घ्या.

भाषांतराचा विषय निघालाच आहे. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. त्याखाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि दोन्ही भाषा आपल्याला येतात. सही, नाव, पत्ता, तारीख. तो सरकारमान्य असलाच पाहिजे असं नाही, पण तुम्ही किंवा नवरा नको. लग्नपत्रिकेत भाषांतरकार हमखास चुकतात. ‘चि. सौ. कां.’ हा नावाचा भाग समजून इंग्रजीत उतरवतात, नाहीतर ‘सौ.’ पाहून वधू आधीच विवाहित होती असा अर्थ निघतो. तपासल्याशिवाय सही घेऊ नका.

आता ३३ दिवसांकडे येऊ. ते लपवायचे नाहीत, वाढवायचे नाहीत, दिवसागणिक दाखवायचे. नवऱ्याच्या पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती घ्या, ज्यांवर येण्या-जाण्याचे शिक्के आहेत. विमानाची तिकिटं, मुंबई किंवा गोव्याहून बेळगावपर्यंतचा प्रवास, आणि त्याच्या कंपनीकडून लग्नासाठी व गणपतीसाठी रजा घेतल्याचं पत्र. हे रजेचं पत्र लोक विसरतात. मर्यादित रजा असलेला माणूस ती कशावर खर्च करतो, यातून बरंच कळतं. लग्नानंतर जोतिबा, सौंदत्ती किंवा तुळजापूरला देवदेव करायला गेला असाल तर तिथल्या मुक्कामाची पावती दोघांच्या नावाची आहे का बघा.

पण तुमच्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा वेगळाच आहे, आणि पत्रात तुम्ही तो एका वाक्यात सांगून मोकळ्या झालात. तुम्ही एकवीस महिने सासरी राहता. नवरा परदेशात असताना सून सासूबरोबर घर सांभाळते, याचा आपल्याकडे काय अर्थ आहे हे मुंबईत काम करणाऱ्या अधिकाऱ्याला समजतं, फक्त ते कागदावर दिसायला हवं. सासरच्या रेशन कार्डावर तुमचं नाव चढलंय का? माहेरच्या कार्डावरून कमी झालंय का? आधारवरचा पत्ता सासरचा आहे का? दवाखान्याचा केस पेपर, बँक पासबुक, एलआयसीची पॉलिसी, मतदार यादी, यांपैकी ज्यावर सासरचा पत्ता आहे ते सगळं काढा. नसेल तर आता दीड महिन्यात घाईघाईने सगळीकडे नावं बदलत फिरू नका. मुलाखतीच्या महिन्यातल्या तारखांचे पाच कागद एकदम आले की ते मुलाखतीसाठीच केले हे उघड दिसतं. दोघांच्या नावाचं खातं आता उघडण्याचंही तेच. उपयोग शून्य, आणि शंका मात्र वाढते.

पैशांचा पुरावा नियमितपणात असतो. नवरा दर महिन्याला घरखर्चाला थोडे थोडे पाठवत असेल तर तुमच्या खात्याचा लग्नापासूनचा पूर्ण उतारा काढा आणि त्या नोंदी पिवळ्या पेनने रंगवा. पैसे आत्याच्या खात्यावर येत असतील तर तसंच सांगा आणि तिच्या खात्याचा उतारा जोडा. एकत्र कुटुंबात तेच होतं. नवऱ्याने कंपनीच्या विम्यात किंवा निवृत्ती निधीत वारस म्हणून तुमचं नाव घातलं असेल तर तो कागद मोलाचा. त्याचं टॅक्स रिटर्न मात्र स्वतः उघडून पाहा. अमेरिकेत ३१ डिसेंबरला जो विवाहित, तो त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित धरला जातो. लग्नानंतरच्या रिटर्नमध्ये त्याने स्वतःला ‘सिंगल’ दाखवलं असेल, तर आय-८६४ (तुमच्या खर्चाची हमी देणारा कागद) सोबत तेच रिटर्न अधिकाऱ्यासमोर जातं आणि नवराच लिहून देतो की माझं लग्न झालेलं नाही. अशी चूक सापडली तर लगेच १०४०-एक्स भरून दुरुस्त करायला सांगा आणि दुरुस्तीची प्रत घेऊन जा. बायको परदेशात असताना ‘विवाहित, स्वतंत्र रिटर्न’ भरणं पूर्णपणे वैध आहे.

फोटो तीस ते चाळीस पुरेत. अल्बम नको. ए-फोर कागदावर दोन-दोन फोटो छापा आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे ते लिहा. साखरपुडा, हळद, अक्षता, दोन्हीकडचे आईवडील एकत्र, पंगतीचा एखादा, मग देवदेव, मग गणपतीतले. कपिलेश्वर तलावावर विसर्जनाला दोघं गेलात तो मोबाइलवर काढलेला वाकडातिकडा फोटो स्टुडिओतल्या दहा पोजपेक्षा बोलका असतो. फक्त दोघांचेच फोटो आणि मागे माणूसच नाही, ही अधिकाऱ्यांच्या नजरेत खटकणारी गोष्ट आहे. आपल्याकडचं लग्न माणसांनी भरलेलं असतं, ती माणसं दिसू द्या. आणि आहेराची वही! त्या वहीची तीन-चार पानं, वर लग्नाच्या नावाचं पान, आणि त्यांचं भाषांतर. कोणत्या गावच्या पाहुण्याने किती आहेर केला हे शाईने, वेगवेगळ्या ओळींत, लग्नाच्या दिवशी लिहिलेलं असतं. असा कागद कुणी नंतर बसून बनवत नाही. मंगल कार्यालयाची, आचाऱ्याची, बँजोवाल्याची पावतीही जोडा. देण्याघेण्याची यादी केली असेल तर मात्र ती पुरावा म्हणून मुळीच नेऊ नका. हुंडा हा १९६१ पासून गुन्हा आहे.

मेसेजचे हजार पानांचे गठ्ठे कुणी वाचत नाही. लग्न ठरल्यापासून आजपर्यंत प्रत्येक महिन्याची दोन पानं, तारीख दिसेल अशी. निवड करताना गोड बोलणीच काढू नका. गॅस संपला, आत्याची शुगर वाढली, न्यू जर्सीत बर्फ पडला, पैसे मिळाले का, अशा रोजच्या बोलण्यातच संसार दिसतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी असेल तर शेजारी भाषांतर द्या. व्हिडिओ कॉलच्या नोंदींचे दोन-तीन स्क्रीनशॉट पुरे. भांडणाचा एखादा महिना असेल, आठवडाभर बोलणं बंद असेल, तर ते पान मुद्दाम लपवायचं कारण नाही.

रूढीची आणि नावाची प्रतिज्ञापत्रं वेगळी; संसाराबद्दलची दोनच, पण चांगली : एक लग्न लावणाऱ्या गुरुजींचं, एक सासरच्या शेजाऱ्यांचं. अमेरिकन नियमानुसार त्यात लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव, तुमच्याशी नातं आणि ही माहिती त्याला कशी कळली ते तपशिलात हवं. ‘मी यांना ओळखतो, हे पती-पत्नी आहेत’ अशा एका वाक्याला किंमत नाही. ‘दोन्ही वेळा यांचा मुलगा आला तेव्हा मी समोरच्या घरातून रोज पाहत होते, गणपतीत आरतीला दोघं आमच्याकडे आले होते’, हे खरं असेल तर त्याला किंमत आहे. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा, यावर तिकडे काही ठरत नाही.

हे सगळं एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने. मूळ दाखले, म्हणजे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, जन्मदाखला, पोलिस क्लिअरन्स आणि जे जे ऑनलाइन चढवलंय त्याच्या मूळ प्रती, वेगळ्या पाकिटात. शिवाय मुलाखतीचं पत्र, डीएस-२६० चं पुष्टीचं पान आणि दोन इंच बाय दोन इंच फोटो. सगळं छापूनच न्या, कारण वकिलातीत मोबाइल नेता येत नाही. ‘फोनमध्ये आहे, दाखवते’ हे वाक्य तिथे चालत नाही. कदाचित अधिकारी फाइल उघडणारच नाही. तो अपमान नाही. ‘आणखी कागद आणलेत, पाहणार का?’ एवढं एकदा विचारा आणि थांबा.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, बेळगावच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. ती मुलाखतीआधी उरकायची असते. छातीच्या एक्स-रेत काही डाग दिसला तर थुंकीच्या तपासणीत सुमारे आठ आठवडे जातात, म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. आणि रात्रीच्या बसने सकाळी मुंबईत उतरून तशाच खिडकीवर जाऊ नका. एक रात्र आधी पोचा.

मुलाखत मराठीत मागा. तुमचं इंग्रजी बरं असलं तरीही. नात्याचे, भावनेचे बारकावे ज्या भाषेत स्वप्न पडतं त्याच भाषेत नीट येतात, आणि बाई शिकलेली असून इंग्रजीत का बोलत नाही असं तिथे कुणी विचारत नाही. नवऱ्याने हजर राहण्याची गरज नसते. प्रश्न साधे असतात. नवरा काय काम करतो, कोणाबरोबर राहतो, किती वाजता कामावर जातो, शेवटचा कधी आला, आला तेव्हा काय केलंत, लग्नाला किती माणसं होती, त्याच्या बहिणीचं नाव काय, तिकडे गेल्यावर काय करणार. माणसं किती याचा आकडा नवरा तीनशे सांगतो आणि बायको आठशे, कारण एक जण पंगतीला बसलेले मोजतो आणि दुसरी अक्षतांना आलेले. ‘नक्की मोजले नाहीत, पंगतीला सुमारे इतके’ असं म्हणा. तिथी सांगू नका, तारीख सांगा. गाव विचारलं तर ‘बेळगाव’ म्हणायचं की ‘खानापूर’, हे नवऱ्याशी बोलून ठेवा. दोघांनी मिळून तारखा आठवणं वेगळं आणि उत्तरं घोकणं वेगळं. घोकलेलं उत्तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. त्याच्या कंपनीतल्या हुद्द्याचं इंग्रजी नाव सांगता आलं नाही म्हणून कुणाचं लग्न खोटं ठरत नाही. अंदाजाने सांगितलेलं चुकीचं उत्तर मात्र लिहून घेतलं जातं.

पासपोर्ट ठेवून घेतला तर काम झालं असं समजा. कागदाची चिठ्ठी हातात दिली आणि त्यावर २२१-जी असेल, तर रडत बाहेर येऊ नका. बहुतेक वेळा तो ‘अमुक कागद कमी आहे’ एवढाच निरोप असतो. चिठ्ठीवर जे मागितलंय तेच, आणि ते सगळं एकदम द्या. मुदत एक वर्षाची असते, वर्ष उलटून गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. काही प्रकरणांत वकिलात फोन करून किंवा गावात माणूस पाठवून चौकशी करते. आत्याला आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, पण काय बोलायचं ते शिकवू नका. अधिकाऱ्याची खात्री पटलीच नाही तर तो अर्ज यूएससीआयएसकडे परत पाठवतो. मग तुमच्या नवऱ्याला मंजुरी रद्द करण्याच्या इराद्याची नोटीस येते आणि उत्तराला साधारण ३० दिवस मिळतात. तिथे मात्र त्याने अमेरिकेतला इमिग्रेशन वकील धरलाच पाहिजे.

शेवटची एक गोष्ट, जी तुमच्या बाबतीत नशिबाने जुळून आली आहे. लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी तुम्ही अमेरिकेत पाऊल ठेवलंत तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, सशर्त मिळतं. १९८६ च्या कायद्याने ती अट घातली आहे. मग ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा आय-७५१ अर्ज भरायचा आणि संसार खरा असल्याचं पुन्हा सिद्ध करायचं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर शिरलात तर कार्ड सरळ दहा वर्षांचं. तुमच्या लग्नाला मुलाखतीपर्यंत साडेबावीस महिने होतील, आणि व्हिसा सहसा तपासणीपासून सहा महिन्यांपर्यंत वापरता येतो. व्हिसावर छापलेली शेवटची तारीख आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस यांच्यामध्ये काही आठवडे उरतात. त्याच आठवड्यांतलं तिकीट काढा, उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून दोन वर्षं पूर्ण झाल्याचं सांगा, आणि त्याने पासपोर्टवर सीआर-१ (सशर्त) ऐवजी आयआर-१ (बिनशर्त) लिहिलंय ना, हे खिडकीवरून हलण्याआधी बघून घ्या.